घरच्या घरी पट्ट्यांची लाकडी कयाक: लाकूड, साचे, इपॉक्सी आणि आपली हवा

खाडीकाठ (धागाकर्ता)

कयाक म्हणजे वरून झाकलेली, वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. लाकडाच्या पातळ पट्ट्या साच्यांवर चिकटवून ती बांधली, की तिच्यात ताण घेतं ते बाहेरचं आणि आतलं काचकापड (काचतंतूंचं विणलेलं कापड). मधलं ५-६ मिमी लाकूड त्या दोन थरांना एकमेकांपासून लांब धरून ठेवतं आणि होडीला आकार देतं. एवढं पक्कं बसलं की कुठलं लाकूड घ्यावं, गोंद कुठला, पट्टी किती जाड, या प्रश्नांची उत्तरं बरीचशी आपोआप येतात. आणि सुतारकामापेक्षा इपॉक्सी (राळ आणि हार्डनर मिसळले की घट्ट होणारं मिश्रण, कापड यातच भिजवतात) नीट शिकणं जास्त गरजेचं का, तेही कळतं.

उदाहरणाला एकाच माणसाची, ५.२ मीटर लांब आणि ५५ सेंमी रुंद खाडी-समुद्राची कयाक धरू. तळ आणि वरची डेक मिळून बाहेरचं क्षेत्रफळ साधारण ४.६ चौ. मी. भरतं. पुढचे सगळे आकडे याच मापाला.

लाकूड: पट्टी १९ मिमी रुंद, ६ मिमी जाड. पट्टीच्या एका कडेला गोलाई, दुसऱ्या कडेला पन्हळ असते; एकीत एक बसल्यावर पट्टी १८ मिमीच झाकते, म्हणजे २५५ मीटर पट्टी लागते. तुटणं, गाठी, तिरके काप धरून ३१० ते ३२० मीटर कापून ठेवा. करवतीच्या पात्यात २-२.५ मिमी भुसा होतो, फळी रंधून सरळ करण्यातही जातं. वखारीत घनफुटात सांगायचं तर अडीच ते तीन घनफूट बिनगाठीचं, वाळलेलं, हलकं लाकूड. साग नको.

फळी निवडताना तिचं टोक बघा. वर्षवलयं फळीच्या रुंदीला समांतर दिसली तर ती घ्या. अशी १९ मिमी जाड फळी ६ मिमीच्या पट्ट्यांत उभी चिरली की पट्टीच्या रुंद तोंडावर वलयं उभी येतात आणि घासताना पृष्ठभाग एकसारखा झिजतो. उलट आली तर मऊ भाग खोल जातो, कडक भाग वर राहतो, आणि हात फिरवला की लाटा लागतात.

साचे (होडीच्या आडव्या छेदाच्या आकाराचे फळे, पट्ट्या यांच्यावर चढतात): १२ मिमी एमडीएफ, दर ३०० मिमीवर एक, म्हणजे सोळाएक, शिवाय दोन्ही टोकांचे दोन उभे साचे. कण्यासाठी १०० × ५० मिमी ॲल्युमिनियमचा बॉक्स सेक्शन (पोकळ चौकोनी नळी) साडेचार मीटर पुरतो. साच्यांच्या मधोमध तेवढंच भोक पाडून ते कण्यात ओवायचे. कयाकला हीच पद्धत सोयीची, कारण तळ करून झाला की सगळं उलटवून त्याच साच्यांवर डेक चढवता येते. लाकडाचा कणा केलात तर पावसाळ्यात तो पिळतो आणि होडी त्याच्यामागे जाते.

इथे बहुतेकांच्या हातून होणाऱ्या तीन गोष्टी सांगून ठेवतो.

एक, नकाशाची प्रिंट. दुकानात 'फिट टू पेज' चालू राहिलं की साचे दोन-तीन टक्क्यांनी आखूड निघतात. प्रिंटवर छापलेली १०० मिमीची पट्टी दुकानातच मोजून बघा, आडवी आणि उभी दोन्ही. दोन, नकाशातली रेषा पट्टीच्या बाहेरची आहे की साच्याची, ते वाचा. बाहेरची असेल तर ६ मिमी आत घ्यावं लागतं. तीन, साच्याची जाडी रेषेच्या कुठल्या बाजूला. होडी टोकाकडे निमुळती होत जाते, म्हणून साच्याचं टोकाकडचं तोंड रेषेवर आणि १२ मिमीची जाडी मधल्या भागाकडे. उलटं केलंत तर साच्याची कड पट्टीला बाहेर ढकलते आणि प्रत्येक साच्यावर उंचवटा येतो. तो उंचवटा घासायला गेलात की तिथेच लाकूड पातळ होतं.

साच्यांच्या कडांना खाकी पॅकिंग टेप लावायला विसरू नका, नाहीतर गोंदाने साचे होडीलाच चिकटतात. मग मधल्या सगळ्या साच्यांवरून एक दोरी ताणून मध्यरेषा तपासा. एखादा साचा २ मिमी सरकलेला असला तर आत्ता स्क्रू सैल करून सरळ होतो. पट्ट्या चढल्यावर काहीच करता येत नाही.

मुळामुठा

धागा उत्तम. साग का नको? कोकणात पिढ्यान्‌पिढ्या साग, फणस, आंबा वापरून होड्या बांधतात, त्या काही बुडत नाहीत.

खाडीकाठ

त्या होड्यांत लाकूड स्वतः ताण घेतं. फळी इंचभर जाड असते, आत बरगड्या असतात. इथे लाकूड गाभा आहे, म्हणून वजन बघायचं. घासून ५ मिमी उरलं असं धरा. ४.६ चौ. मी. ला ०.०२३ घनमीटर लाकूड झालं. वेस्टर्न रेड सीडर घनमीटरला ३८० किलोच्या आसपास, म्हणजे पावणेनऊ किलो. आपल्याकडचं तून किंवा शिवण ४८० च्या आसपास, म्हणजे ११ किलो. साग ६५० धरला तर १५ किलो. वर कापड, इपॉक्सी, कॉकपिटची (बसायच्या भोकाची) कड, बसायची जागा मिळून ८-९ किलो चढतात. सीडरची होडी १८ किलोच्या आत येते, तुनाची २० च्या आसपास, सागाची २४. गाडीच्या टपावर एकट्याने चढवायची असेल तर हा फरक खांद्याला कळतो.

दुसरं कारण, सागात तेल असतं. ताज्या रंधलेल्या सागावर इपॉक्सी धरतो, पण महिनाभर उघड्या पडलेल्या पट्टीवर तेल वर येतं आणि पकड कमी होते. सागाची एक-दोन पट्टी शोभेची रेघ म्हणून घाला, ॲसिटोनने पुसून त्याच दिवशी कापड चढवा.

रंधेवाला

वखारीत 'तून द्या' म्हटलं की कधी कधी त्याच रंगाचं दुसरंच लाकूड हातात येतं. उचलून बघा, आणि शक्य असेल तर एक तुकडा मोजून तोलून घनता काढा. १० × १० × २ सेंमीचा तुकडा म्हणजे २०० घनसेंमी. तो ९५-१०० ग्रॅम भरला तर ठीक, १३० भरला तर परत करा. ओलं लाकूडही असंच जड लागतं, म्हणून ओलावा मोजायचं यंत्र सोबत न्या. आठ ते बारा टक्के चालेल, १५ च्या वर असेल तर पट्ट्या कापून, मध्ये चिपा ठेवून, सावलीत दोन महिने वाळू द्या.

पॅकिंगच्या पेट्यांचा पाइन स्वस्त मिळतो आणि वजनालाही वाईट नाही, पण दर दोन फुटांवर गाठ. पीळ द्यायला गेलं की पट्टी बरोबर गाठीवर मोडते. डेकच्या मधल्या सपाट भागाला तो खपतो.

कापण्याबद्दल. सॉ मिलच्या आऱ्यावर काप वाकडा येतो, तिथे ८ मिमी काढून घ्या आणि थिकनेस प्लेनरवर ६ ला आणा. टेबल सॉ असेल तर पातळ पातं, फळी दाबून धरणारी लाकडी बोटं दोन्ही बाजूंनी, आणि सरळ ६.५ मिमी काढा. जाडीत ०.३ मिमीपेक्षा जास्त चढउतार नको, कारण कडेची पन्हळ मग मधोमध पडत नाही.

कडा काढायच्या तर राउटर टेबलवर ३.२ मिमी त्रिज्येचे दोन बिट लागतात, एका कडेला गोलाई, दुसऱ्या कडेला तशीच पन्हळ. गोलाई आधी, पन्हळ नंतर. पन्हळीचे दोन ओठ कागदाइतके पातळ असतात. ते आधी काढले तर गोलाई काढताना मार्गदर्शक पट्टीला घासून तुटतात.

नवखाखलाशी

राउटर टेबल नाही. चौकोनी पट्ट्या चालतील का? आणि १७ फुटी पट्टी मिळणार कुठे? इथे वखारीत आठ-दहा फुटांच्या वर काही नाही.

रंधेवाला

चालतात. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीला जिथे भेटते तिथला कोन छोट्या रंध्याने काढत जायचं. सपाट भागात दोन फिरवण्या पुरतात, तळ आणि बाजू मिळतात त्या वळणावर कोन दर फुटाला बदलतो. वेळ जास्त, पण सांधा गोलाई-पन्हळीपेक्षा घट्ट बसतो आणि राउटरचा आवाज, धूळ, शेजाऱ्यांची कुरबुर वाचते. माझं मत विचाराल तर पहिल्याच होडीला बिट विकत घ्यायची गरज नाही.

लांबीसाठी तिरका जोड. ६ मिमी जाडीला १ ला ८ उतार, म्हणजे जोड ५० मिमी लांब. लाकडाच्या ठोकळ्यात तोच उतार कापून घ्या, पट्टी त्यावर ठेवून सँडिंग डिस्कवर घासा, सगळ्या पट्ट्यांचा कोन एक येतो. सरळ टोकाला टोक लावलं तरी चालतं, फक्त तो सांधा साच्यावर घ्या आणि शेजारच्या पट्टीचा सांधा किमान दोन साचे लांब ठेवा.

सिअॅटलकर

इकडे सीडर लंबरयार्डात २० फुटांपर्यंत सहज मिळतं, त्यामुळे जोडाची भानगड नाही. त्याऐवजी थंडी छळते. हिवाळ्यात गॅरेज १० अंशांवर असतं, इपॉक्सी मधासारखा घट्ट, आणि दुसऱ्या दिवशीही चिकट. राळेची बाटली कोमट पाण्यात ठेवून वापरावी लागते.

स्टेपल की बिनस्टेपल, यावर कोणी बोललं नाही अजून.

खाडीकाठ

स्टेपलनेच करा असं सांगेन. १४ मिमीचा स्टेपल, प्रत्येक साच्यावर प्रत्येक पट्टीला एक, खाली पॅकिंगची प्लॅस्टिक पट्टी धरून मारायचा. नंतर प्लॅस्टिक ओढलं की स्टेपल वर येतो आणि लाकडावर दाब पडत नाही. भोकांची काळजी नको: कापड घालण्याआधी ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की लाकूड फुगतं, भोकं आणि ठोक्यांचे खड्डे बरेचसे भरतात. राहिलेले ठिपके रांगेत असतात, लयीत दिसतात.

बिनस्टेपल होडी सुंदर दिसते यात वाद नाही. पण दर पट्टीला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, क्लॅम्प, पाचर लावून दोन तास थांबायचं. दिवसाला प्रत्येक बाजूला दोन-तीन पट्ट्या चढतात.

गोंद: फेविकॉल मरीनसारखा पाण्याला टिकणारा पांढरा गोंद पुरे. कापड चढेपर्यंत पट्ट्या जागेवर राहाव्यात एवढंच त्याचं काम. इथे इपॉक्सी वापरणारे वेळ आणि पैसा दोन्ही घालवतात, आणि वाळलेला इपॉक्सी मऊ लाकडापेक्षा कडक असल्याने रंधा त्यावरून उडी मारतो. ओघळलेला गोंद ओला असतानाच ओल्या फडक्याने पुसा. राहिलेला डाग कापडाखाली पिवळट-पांढरा दिसतो आणि मग कायमचा.

चढवण्याचा क्रम असा. होडी उलटी. पहिली पट्टी काठाच्या रेषेवर, पन्हळ वर, म्हणजे गोंद त्यात राहतो. डावीकडे एक, उजवीकडे एक, असंच पुढे. एका बाजूला पाच चढवून मग दुसरीकडे गेलात तर साचे पिळतात. टोकाजवळ पट्टी जवळजवळ नव्वद अंश वळते. तिथे उकळत्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून वरून हीट गन, मिनिटभराने हाताने हळूहळू पीळ द्या. कोरडी पिळलीत तर मोडते, किंवा न मोडता गोंद सुटेपर्यंत वाट बघते.

तळाला दोन्ही बाजू मध्यरेषेवर भेटतात. एका बाजूच्या पट्ट्या रेषेच्या पुढे जाऊ द्या, मग दोरी ताणून रेष मारून पातळ करवतीने कापा आणि रंध्याने सरळ करा. दुसऱ्या बाजूची प्रत्येक पट्टी त्या कडेला मापून बसवायची. दोन्हीकडून एकदम भेटवायला गेलं की रेष वाकडी जाते.

डेकची पहिली पट्टी तळाच्या पहिल्या पट्टीला चिकटू द्यायची नाही. मध्ये टेप. हे एक काम विसरलं तर दोन अर्धे सोडवायला करवत लागते.

मुळामुठा

सागाचं पटलं. घासायचं किती? मशीन लावलं तर लवकर होईल ना?

रंधेवाला

लवकर होतं आणि लवकर बिघडतं. फिरत्या सँडरची चकती छोटी, ती खड्ड्यात शिरते आणि खड्डा आणखी खोल करते. आधी छोटा रंधा, अगदी पातळ ढलपी, पट्टीच्या दिशेला थोडा तिरका. मग दीड फुटी वाकणारी प्लायची पट्टी, तिला ८० नंबरचा कागद, आणि तिरकस फुल्या मारल्यासारखं दोन्ही दिशांनी. खोलीतले दिवे बंद करून एकच दिवा होडीच्या बाजूला खाली ठेवा. सावल्यांत सगळे उंचवटे दिसतात. मशीन शेवटी, १२० नंबरला.

मर्यादा ४.५ मिमी. त्याखाली गेलेली जागा प्रकाशात धरली की उजळ दिसते. तिथे आतून कापडाचा एक जादा थर द्या.

केमिकललोचा

इपॉक्सीवर लिहितो, कारण इथे सर्वात जास्त होड्या बिघडतात.

फायबरग्लासच्या दुकानात गेलात की दुकानदार पॉलिएस्टर राळ आणि मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चादर) पुढे करतो. मोटारींच्या बंपरला, टाक्यांना ते ठीक. लाकडाला पॉलिएस्टर नीट धरत नाही, काही वर्षांत पापुद्रा सुटतो. मॅट तर मुळीच नको. तिच्या तुकड्यांना धरून ठेवणारं चिकटद्रव्य पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतं, इपॉक्सीत विरघळत नाही, म्हणून मॅट पांढरीच राहते. विणलेलं काचकापड मागा, चौ. मी. ला २०० ग्रॅम, साधी वीण, इपॉक्सीला चालणारी प्रक्रिया केलेलं. एक मीटर पन्ह्याचं २२ मीटर पुरतं: तळ आतून-बाहेरून, डेक आतून-बाहेरून, प्रत्येकी साडेपाच मीटर. घडी घालून देऊ नका म्हणावं, नळीवर गुंडाळून न्या. घडीची रेष राळेतही जात नाही.

राळ: भारतात सहज मिळते ती एलवाय ५५६ आणि हार्डनर एचवाय ९५१ ही जोडी, वजनाने १०० ला १० ते १२. मजबुतीला तक्रार नाही. पण राळ फार घट्ट, २५ अंशाला कापडात लवकर मुरत नाही, आणि हा हार्डनर आपल्या उन्हाळ्यात भराभर तापतो. होडीच्या कामाला खास बनवलेली पातळ राळ आणि सावकाश हार्डनर मिळाला तर तो घ्या. उदा. वेस्ट सिस्टमच्या १०५ राळेला २०६ हा सावकाश हार्डनर ५ ला १, आणि पारदर्शक कामाला २०७, ३ ला १; ही दोन्ही प्रमाणं आकारमानाची, वजनाची नाहीत. प्रमाणं एकमेकांत मिसळू नका. 'लवकर सुकावं म्हणून हार्डनर थोडा जास्त' हा पॉलिएस्टरचा नियम आहे. इपॉक्सीत जादा हार्डनर तसाच उरतो आणि पृष्ठभाग रबरासारखा राहतो. तो कधीच सुकत नाही, खरवडूनच काढावा लागतो.

त्या राळेचं वजनाचं प्रमाण बघून वजनाने मोजा, एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. एका वेळी १५०-२०० ग्रॅम. दोन मिनिटं ढवळा, कडा आणि तळ खरवडून, मग लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. पेल्यात उभी ठेवलेली राळ स्वतःच्या उष्णतेने तापते, धूर येतो, पेला वितळतो.

एकूण राळ: कापड भिजवायला चौ. मी. ला २०० ते २५० ग्रॅम, म्हणजे दोन्ही अंगांना सव्वादोन किलो. बाहेर वीण भरायला दोन थर, सुमारे ११०० ग्रॅम. आत एक पातळ थर, ४०० ग्रॅम. सांधे, कॉकपिट, टोकं मिळून किलोभर. ब्रश-ट्रेमध्ये वाया जाणारं धरून सहा, म्हणून सात किलो आणा.

नवखाखलाशी

कापड घालण्याआधी लाकडावर राळेचा एक हात मारायचा की थेट कापड?

केमिकललोचा

यावर दोन पक्ष आहेत. आधी हात मारला तर लाकूड राळ पिऊन घेतं, नंतर कापड कोरडं पडत नाही, बुडबुडेही कमी. तोटा असा, की तो थर सुकला की घासावा लागतो आणि कुठे काटा राहिला तर कापड तिथे अडकतं. थेट कापडात एक काम वाचतं, पण वीस मिनिटांनी परत फिरून बघावं लागतं. लाकडाने राळ शोषली की कापड जागोजागी पांढुरकं दिसतं, तिथे ताबडतोब थोडी राळ. नवशिक्याने आधी हात मारावा.

आता हवा. लाकडातल्या पोकळ्यांत हवा असते. तापमान वाढत असलं की ती प्रसरण पावून राळेतून बाहेर येते, कापडाखाली शेकडो बुडबुडे. उतरत्या तापमानात तीच हवा आकुंचते आणि राळ आत ओढते. म्हणून दुपारी चारनंतर सुरू करा, सकाळी नाही. पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. कोकणात डिसेंबर-जानेवारी. पावसाळ्यात पट्ट्या चढवा, साचे कापा, काहीही करा, पण राळ उघडू नका. लाकूड तेव्हा १५-१८ टक्के ओलावा धरून असतं, कापडाने दोन्हीकडून बंद केलं की तो आतच राहतो आणि उन्हात ठेवल्यावर डाग उठतात. शिवाय दमट हवेत हार्डनरची हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी प्रक्रिया होऊन वर मेणचट पातळ साय धरते. ती घासून जात नाही, उलट कागदाने आत दाबली जाते आणि वरचा थर माशाच्या डोळ्यांसारखा फाटतो. साध्या पाण्याने आणि हिरव्या घासणीने धुवा, पुसा, मगच कागद लावा.

पद्धत: कापड पसरवा, हाताने मधून कडेकडे सारखं करा, राळ मध्ये ओतून रबरी पट्टीने पसरवा. पाच-दहा मिनिटांनी पट्टी तिरकी धरून जादा राळ ओढून काढा. विणीचा पोत स्पष्ट दिसायला हवा, चकाकी नको. चकाकतं तिथे कापड राळेवर तरंगतंय, ते नंतर घासताना कापलं जातं. पुढचे भरणीचे थर त्याच दिवशी, आधीचा थर बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही अशा वेळी. मग मध्ये घासायलाही नको, धुवायलाही नको.

नायट्राइलचे मोजे कायम. त्वचेवर पडलेली राळ ॲसिटोनने पुसू नका, साबणाने काढा. इपॉक्सीची ॲलर्जी हळूहळू साठत येते, आणि एकदा आली की पुन्हा कधीच हे काम करता येत नाही. अर्धवट पिकलेल्या राळेची धूळ तर आणखी वाईट. घासण्याआधी आठवडाभर थांबा आणि मास्क लावा.

सिअॅटलकर

+१. आतल्या बाजूबद्दल एक भर. साच्यावरून उतरवलेला तळ, आत कापड नसेल तोवर, उघडतो किंवा मिटतो. आतलं कापड त्या अवस्थेत पिकलं की काठावर डेक आणि तळ तीन-चार मिलिमीटरने जुळत नाहीत. उपाय सोपा. आतलं कापड लावल्यावर संध्याकाळपर्यंत राळ घट्ट होते पण पूर्ण पिकलेली नसते. तेव्हा मध्ये प्लॅस्टिक घालून डेक तळावर ठेवा, दर फुटावर टेपने आवळा, रात्रभर तसंच. दोन्ही एकमेकांच्या मापाने पिकतात.

खाडीकाठ

हे मूळ लेखात हवं होतं, आभार.

दोन अर्धे जोडणं हे सर्वात गैरसोयीचं काम, म्हणून जरा सविस्तर. होडी कुशीवर झोपवा. ७५ मिमी रुंद काचपट्टी टेबलावर प्लॅस्टिकवर भिजवा, गुंडाळी करा. दीड मीटर काठीला ब्रश बांधून ठेवा. गुंडाळी टोकाकडून कॉकपिटकडे सांध्यावर उलगडत यायची, डोक्याला टॉर्च. आधी सांध्यात भुशाची लुगदी भरून छोटी गोलाई केलेली असावी, नाहीतर पट्टीखाली पोकळी राहते. लुगदी म्हणजे राळ, त्याच लाकडाची बारीक धूळ आणि थोडी सिलिका पूड, श्रीखंडाइतकी घट्ट. एक बाजू पिकली की होडी उलट कुशीवर. बाहेरून ५० मिमीची पट्टी पुरते. वाफा आत कोंडतात, म्हणून पंखा आणि सेंद्रिय वाफांचा मास्क, धुळीचा मास्क नाही.

दोन्ही टोकांना होडी उभी करून आत राळ आणि भुसा ओततात, म्हणजे होडी उचलायच्या दोरीला भोक पाडता येतं. एका वेळी ६०-८० मिली. एकदम पाव लिटर ओतलीत तर ती आत उकळते आणि टोकाचं लाकूड काळं पडतं.

मुळामुठा

कॉकपिटची कड कशी करायची? तीच सगळ्यात अवघड दिसते.

रंधेवाला

दिसते तेवढी नाही. भोक साधारण ८० × ४० सेंमी. त्याच्या कडेने पट्ट्यांचे ३० मिमी उंच उभे तुकडे शेजारी शेजारी चिकटवत जा, भिंत तयार होते. वर बाहेर आलेला २० मिमीचा ओठ, त्यावर पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती घालायचा पडदा अडकतो. ओठाला ३ मिमी पट्ट्यांचे पाच-सहा थर वाकवून, जागेवरच क्लॅम्प लावून. क्लॅम्प जितके असतील तितके कमी पडतात, पीव्हीसी पाइपचे ३ सेंमीचे तुकडे चिरून केलेले क्लॅम्प फुकटात होतात. शेवटी भिंत आणि ओठ दोन्हींवर कापड, नाहीतर बसता-उठता वजन पडून भिंत डेकपासून सुटते.

बसायची जागा तळापासून २५ मिमीपेक्षा उंच करू नका. आरामासाठी उशी वाढवली की होडी डुलायला लागते आणि दोष नकाशाला मिळतो.

नवखाखलाशी

व्हार्निश हवंच का? इपॉक्सी चकाकतोय की.

केमिकललोचा

हवंच. ऊन इपॉक्सीला खातं. पिवळा पडतो, पांढुरका होतो, मग कापड उघडं पडतं. अतिनील किरण अडवणारं सागरी व्हार्निश किंवा तसंच दोन भागांचं पॉलियुरेथेन, पाच पातळ हात, मध्ये ३२० चा कागद. त्याआधी इपॉक्सी २२० ने सगळीकडून मंद करा. घासताना कापडाची वीण पांढरी चमकली की थांबा, तिथे राळेचा एक हात द्या. रात्री दिवा लावून व्हार्निश मारू नका, पावसाळा संपताना तर नाहीच, पाकोळ्या चिकटतात.

खोलीच्या तापमानाला पिकलेला इपॉक्सी ५०-६० अंशांच्या पुढे मऊ पडतो. एप्रिल-मेमध्ये उन्हात ठेवलेल्या गडद होडीचा पृष्ठभाग तिथवर सहज जातो, आणि लाकडाच्या सांध्यांच्या रेषा वर उमटतात. सावली, नाहीतर पांढरं कापड.

मुळामुठा

खर्चाचा अंदाज?

खाडीकाठ

भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, आकडा देत नाही. स्थानिक लाकूड वापरलंत तर सगळ्यात मोठी रक्कम राळ आणि कापडाची, मग व्हार्निश. एकच जागा अशी आहे जिथे काटकसर महागात जाते, ती म्हणजे राळ. लाकडात हवी तेवढी करा.

नवखाखलाशी

शेवटचा प्रश्न. पुढच्या-मागच्या कप्प्यांना आडव्या भिंती घालून हवाबंद केलं तर झाकणं आपोआप उडतात असं ऐकलं.

खाडीकाठ

उडतात किंवा आत ओढली जातात. उन्हात कप्प्यातली हवा तापून फुगते, झाकण वर येतं. तीच तापलेली होडी थंड पाण्यात टाकली की हवा आकसते आणि झाकणाच्या रबरातून पाणी आत खेचलं जातं. प्रत्येक भिंतीत वरच्या बाजूला, डेकच्या जवळ, २ मिमीचं एक भोक. भोकात पातळ नळीचा तुकडा राळेने बसवा, नाहीतर प्लायची कच्ची कड पाणी पिते.

भिंतींना ४ मिमी मरीन प्लाय, दोन्ही बाजूंनी लुगदीची गोलाई आणि ५० मिमी पट्टी. गळती बघायला कप्प्यात दोन लिटर पाणी ओता, झाकण लावा, होडी दोन्ही कुशींवर आणि दोन्ही टोकांवर पाच-पाच मिनिटं धरा, आणि कॉकपिटमध्ये टॉर्च मारून भिंतीची कड बघा. पाणी आलं तर ती जागा पेन्सिलीने खूण करा, पूर्ण वाळवा, घासा आणि मग लुगदी लावा. ओल्यावर लावलेली लुगदी धरत नाही.